मांडवाकडचा माणूस

मुक्ता माझ्या भाचीची मुलगी. गेल्या ज्येष्ठात ती पहिल्यांदा एकटीनं लग्नाचे फोटो काढायला निघाली, तेव्हा म्हणाली, "आजी, तू पण चल. लग्न मोताळ्यालाच आहे. तू खुर्चीवर बस आणि मला फक्त सांग, कुठं उभी राहू."

मोताळ्याला मी फार वर्षांनी गेले. एस.टी. स्टँडजवळ जिथं आमचा स्टुडिओ होता तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. समोरचा कडुनिंब मात्र आहे तसा आहे. पायाखाली एक पिवळी लिंबोळी चिरडली, तिचा कडसर गोड वास नाकात शिरला आणि त्याच्या मागोमाग दुसरे वास आले: तापलेल्या पत्र्याचा, फोटो पक्के करायच्या हायपोच्या पाण्याचा, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या फिल्मचा. माझं अर्धं आयुष्य त्या वासात गेलं.

कार्यालयात मुक्ता भिंगं पुसत होती. मी तिला पहिली गोष्ट सांगितली ती उजेडाची नव्हती. म्हटलं, "आधी पाहा, मांडवात कोण कोणाकडे बघायचं टाळतंय."

"कशाला गं?"

"लग्नातली खरी बातमी तिथं असते."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी संशयी आहे. आहेच मी. कॅमेरा हातात आला तेव्हापासून आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. लग्न होऊन मी मोताळ्याला आले तेव्हा यजमानांचा स्टुडिओ नवा होता. त्यांना मी तेव्हापासून आजपर्यंत 'हे' म्हणत आले. हे लग्नाचे फोटो काढायचे, पण हळदीच्या अंगणात पुरुषाला कोण येऊ देणार? बायका दार लावून घ्यायच्या. निम्मं लग्न असं दाराआड राहून जायचं. एक दिवस हे म्हणाले, "तू शिकून घे." मी शिकले. तेव्हाचा आमचा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचा. काचेवर उजवं ते डावं दिसायचं, डावं ते उजवं. एका रोलवर बारा फोटो. आणि एक गोष्ट मला लवकर कळली: मान खाली घातलेली बाई कोणाला खुपत नाही. लोकांना वाटायचं, ही पेटीत काहीतरी शोधते आहे. मी त्यांनाच बघत असायची.

बायकांनी मला आत घेतलं, पण विश्वास टाकला नाही. हळदीच्या अंगणात उखळाशी बसलेली एखादी आत्या हात थांबवून विचारायची, "बाई, या फोटोची एक कापी तुमच्यापाशी राह्यते म्हंतात. हाव का?"

"फिल्म राहते. पेटीत, कुलपात."

"अन् किल्ली कोणापाशी राह्यते?"

"माझ्यापाशी."

"मंग ठीक हाये." असं म्हणून ती मुसळ उचलायची, पण पुढची सगळी हळद माझ्यावर डोळा ठेवून कुटायची. परातीत भिजवलेली ओली हळद, तेल, आंब्याच्या डहाळ्यांचा चीक, घामेजलेली नवी लुगडी आणि पलीकडे चुलखंडावर बुंदीचा झारा आपटल्याचा आवाज. त्या बायका माझ्यावर संशय घ्यायच्या आणि मी त्यांच्यावर. विहिणीला मानाचं लुगडं पसंत पडलेलं नाही, करवलीनं नवरीच्या कुंकवाची डबी लपवली आहे, जानोशात, वऱ्हाडाच्या उतरायच्या घरात, वऱ्हाडी रुसून बसलेत, हे सगळं काचेवर उलटं-सुलटं मला आधी दिसायचं.

तसाच मला तो दिसला. खरं म्हणजे मांडवात नाही, घरी दिसला.

फोटो धुताना कागदावर आधी काळं उमटतं. मिशा, बायकांचे केस, कोट. आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. लाल काचेच्या कंदिलाशी मी आणि हे ताटल्यांवर वाकलेले असायचो. एका लग्नाच्या गट-फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडे एक काळा कोट वर आला. मग पांढरी टोपी, मग चेहरा. पन्नाशीचा, ओढलेला, दाढी नीट केलेला. मला वाटलं, असेल नवरीचा काका. पुढल्या लग्नाचा कागद टाकला. दुसरं गाव, दुसरी जात, दुसरे सोयरे. काळा कोट वर आला. टोपी. तोच चेहरा.

"अहो, हे कोण?"

ह्यांनी कागद चिमट्यानं हलवला. "असतीन कोणी. सोयरे सगळीकडे राह्यतात."

"आठवड्यापूर्वीच्या लग्नात हे नवरीकडे उभे होते. आज नवरदेवाकडे आहेत."

"तू पोलिसात पाह्यजे होती," हे म्हणाले आणि दुसरा कागद टाकला.

मी वाळलेले जुने फोटो काढून पाहिले. नांदुऱ्याकडच्या एका लग्नात तो होता. मोताळ्यातल्या दोन लग्नांत होता. मे महिन्याच्या उन्हात माणसं बंड्या काढून बसतात आणि हा कोट गळ्यापर्यंत बंद करून उभा. तेव्हापासून माझ्या मनात तो कोटच रुतला. उन्हाळ्यात कोट घालायचा तर काहीतरी लपवायला. लग्नघरात लपवण्यासारखं बरंच असतं.

पुढच्या लग्नात मी त्याला गाठलं. पंगत बसत होती, पळसाच्या पत्रावळी मांडल्या जात होत्या. तो वाढप्यांच्या मागे उभा होता. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही नवरीकडचे का नवरदेवाकडचे?"

तो गडबडला नाही. मांडवाकडे पाहून म्हणाला, "मी मांडवाकडचा."

थट्टा सोडा, खरं सांगा, असं मी म्हणणार तोवर तो पाण्याचा तांब्या उचलून पंगतीत वाढायला गेला. सगळ्यांना वाटलं, घरचाच आहे. माझी शंका दुप्पट झाली. घरच्यासारखं वागणारा परका माणूस मला कधीच बरा वाटलेला नाही.

मुक्तानं मध्येच येऊन विचारलं, "आजी, गट-फोटो कुठं घेऊ? इथं मागे पडदा छान आहे."

"पडदा राहू दे. आधी म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसव. उन्हात डोळे बारीक केलेले म्हातारे फोटोत रागावलेले दिसतात आणि मग घरात भांडण होतं, की आजोबा का रागावले होते."

ती गेली. सनई आता पेटाऱ्याएवढ्या स्पीकरमधून येते. तेव्हा सनईवाला घशाला कोरड पडली की थांबायचा आणि त्या थांबण्यात पोरांचं रडणं, भांड्यांचं वाजणं, कुठंतरी कोणीतरी नवरीला हाक मारणं ऐकू यायचं.

साखरखेर्ड्याचं लग्न मी अजून विसरले नाही. आमच्या ओळखीच्या घरची एक मुलगी तिकडे दिलेली, तिनं हे काम मिळवून दिलं. आमच्या मोताळ्याहून चिखलीला गाडी बदलून जायचं, तेव्हा दिवस मोडायचा. जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. तिथं आपल्याला कोण ओळखतं, असं मनात म्हणत मी मांडवात शिरले आणि समोर काळा कोट.

सकाळचा मुहूर्त होता. नवरीला न्हाऊ घालून नटवायला बसवलं आणि ओरडा झाला: नथ नाही. मोत्यांची, आजीच्या वेळची नथ. नवरीची मावशी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती, "अथीच ठेवली होती व माय, या ताटात! कोण आलं होतं आत? परकं कोण आलं?"

परकं म्हटल्यावर माणसं एकमेकांकडे बघू लागतात. कोणीतरी कोटवाल्याला विचारलं, तुम्ही कोणाकडचे? नवरीचा बाप म्हणाला, मले वाटलं नवरदेवाकडचे. नवरदेवाचा काका म्हणाला, आमच्यातले नाही बुवा. क्षणात त्याच्याभोवती कडं झालं. कोणी कोटाला हात घातला. कोणी खिसा उलटा केला. खिशातून अक्षता पडल्या. लाल, पिवळ्या, जुन्या होऊन पांढऱ्या पडलेल्या, कितीतरी लग्नांच्या. जमिनीवर ते दाणे पाहून माणसं आणखीच पिसाळली, कारण त्याचा अर्थ कोणालाच लागेना. एका तरण्यानं बैलगाडीच्या जुवाची लाकडी शिवळ उपसून आणली.

तो काहीच बोलत नव्हता. मार खाणारा माणूस हात पुढे करतो, ह्यानं हात मागे घेतले होते.

नवरीचा बाप माझ्याकडे वळला. "बाई, तुमी गावोगावच्या लग्नात जाता. याले कुठी पाह्यलं का तुमी?"

मी त्याला पाहिलं होतं. माझ्या मनात दोन महिने तो चोरच होता. खरं सांगितलं असतं, की हा माणूस दर लग्नात असतो आणि कोणाचाच नसतो, तर शिवळ खाली आली असती. काचेवरून मान वर केली आणि माझ्या तोंडून निघालं, "पाहिलं म्हणजे? आमचेच आहेत ते. सामान धरतात."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कॅमेराच विहिरीत टाकला. शिवळ धरलेला तरणा म्हणाला, "मंग बोल्ला काऊन नाही थो?"

"लाजतात," मी म्हटलं.

तेवढ्यात मावशीनं घाम पुसायला पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि ती थांबली. टोकाला गाठ होती. गाठीत कडक काहीतरी होतं. न्हाताना नथ भिजू नये म्हणून तिनंच बांधून ठेवली होती. कोणी हसलं, कोणी मावशीला बोललं, सनईवाल्यानं जोर लावला आणि लग्न पुढे निघालं. कोटवाला खाली बसून अक्षता एकेक करून वेचत राहिला.

मी त्याच्यापाशी गेले. "सामान धरता म्हणून सांगितलंय. आता धरा."

आमच्याकडे एक पांढरी चादर असायची. सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून ती उन्हात ताणून धरायची, चादरीवरचं ऊन नवरीच्या तोंडावर येतं. त्यानं चादर धरली. दोन्ही हातांनी, पालखीची दांडी धरावी तशी. संध्याकाळच्या गाडीला तो आमच्याबरोबर चढला, आम्ही बोलावलं नव्हतं आणि उतर असंही म्हटलं नाही.

नाव विचारलं तर म्हणाला, पुंडलिक. गाव विचारलं तर हात उत्तरेकडे केला, "तिकडचा, सातपुड्याखालचा." गावाचं नाव शेवटपर्यंत नाही. मग पुढची काही वर्षं लग्नसराई लागली की तो यायचा, स्टुडिओच्या ओट्यावर झोपायचा, मृग लागला की निघून जायचा. ह्यांचं आणि त्याचं छान जमलं. माझं नाही. मी त्याच्या देखत कपाटाला कुलूप लावायची आणि ते ओढून बघायची. एकदा मी चांदीचं जोडवं मुद्दाम खिडकीत ठेवलं. दुपारी तो ते तळहातावर घेऊन आला.

"बाई, मले पारखाले ठेवलं का?"

मी म्हटलं, "नाही. विसरले."

"इसरलेलं असं मधोमध नसते राह्यत," तो म्हणाला. "कडेले ठेवाचं." आणि पाणी भरायला गेला.

मला राग आला आणि हसूही आलं. शंका मात्र गेली नाही.

कामाला तो सोन्यासारखा होता, हे मला मान्य करावं लागलं. इतकी लग्नं कडेला उभं राहून पाहिली होती त्यानं, की मांडवात काय होणार ते त्याला आधी कळायचं. अंतरपाट खाली यायच्या वेळी आम्ही नवरा-नवरीवर कॅमेरा लावायचो. तो चादरीआडून हळूच म्हणायचा, "नवरीच्या मायकडे पाहा, बाई." आणि खरंच, त्या क्षणी नवरीच्या आईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पुन्हा कधी येत नसे. पंगतीत तो फोटो काढू द्यायचा नाही, घास तोंडात असलेला माणूस आयुष्यभर राग धरतो म्हणायचा. गोरज मुहूर्त असला की तो वरातीपुढे नाचणाऱ्यांना जाऊन सांगायचा, "भाऊ हो, उजेड चालला. अंधारात नाचले तं कोण पाहीन तुमाले?" माणसं धावत मांडवात यायची. हेच सगळं मी आज मुक्ताला सांगते तेव्हा तिला वाटतं, आजीचा अनुभव. माझा थोडा आहे, बाकी त्याचा.

पण एक गोष्ट मला सलायची. मामा नवरीला हाताला धरून बोहल्याकडे आणतो ना, नेमका त्याच वेळी हा नाहीसा व्हायचा. चादर कुणाच्यातरी हातात कोंबायचा आणि जायचा. एकदा झालं, दोनदा झालं. त्या वेळी सगळं घर मांडवात असतं, आतल्या खोल्या मोकळ्या असतात. काय समजायचं मी? एका लग्नात मी कॅमेरा ह्यांच्या गळ्यात घातला आणि त्याच्या मागे गेले. घराला वळसा घालून तो विहिरीपाशी गेला. तिथं रहाटाला हात लावून, मांडवाकडे पाठ करून उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली तसा परत वळला. मला पाहिलं. माझ्या बाजूनं निघून गेला.

मग संग्रामपूरकडचं काम आलं. नांदुऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्यानं गावाचं आणि घराचं नाव सांगितलं, त्या घरच्या मुलीचं लग्न, हळदीपासून फोटो पाहिजेत. पुंडलिक ओट्यावर कंदिलाची काच पुसत होता. त्याचा हात थांबला.

"मी नाही येत, बाई. ताप हाये."

मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला: तिथं यानं काहीतरी केलेलं आहे. मी ह्यांना म्हटलं, त्याच्याशिवाय जायचं नाही. ह्यांना त्याची मदत हवीच होती. त्याला नाही म्हणता आलं नाही.

सातपुडा जवळ आला की हवा बदलते. रान वाळलेलं असतं, पण मोहाच्या फळांचा आंबूस वास वाऱ्याबरोबर उतरतो. गाडीवाटेनं पोचलो तेव्हा घरापुढे हिरव्या डहाळ्यांचा मांडव होता आणि बायका जात्यावरची गाणी म्हणत होत्या. आणि एक विचित्र गोष्ट मला दिसली. दोन दिवस पुंडलिक चादर खाली ठेवीना. गरज असो नसो, ताणून धरलेलीच. तिच्यामागे त्याचा चेहरा, छाती, सगळं झाकलेलं. लोकांना वाटलं, फोटोवाल्यांची काही रीत असेल. मी मात्र त्याच्यावरून नजर काढली नाही.

नवरीच्या आईचं नाव गोदा. चाळिशीची, ताठ बाई, घरात तिचा शब्द चालायचा. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी मी मायलेकींचा फोटो घेत होते. मांडवाच्या कडेला पुंडलिक चादर धरून उभा. उजेड छान आला होता. गोदाबाईंची नजर चादरीवर गेली, मग खाली गेली. चादरीखाली दोन पाय होते. उजव्या पायाचं दुसरं बोट तुटून वाकडं बसलेलं.

त्या तशाच बघत राहिल्या. मी काचेवर बघत होते, उलट्या बाजूला, आणि मला कळेना, या पायांकडे का बघताहेत.

"चादर खाली कर," त्या म्हणाल्या.

चादर हलली नाही.

"वखराखाली सापडलं होतं थे बोट. मीच पालव फाडून बांधलं होतं. खाली कर चादर, भाऊ."

त्यानं ती हळूहळू खाली केली. दोघं एकमेकांपुढे उभे. वाजंत्री वाजत होती म्हणून इतरांना ऐकू आलं नसेल, मला आलं.

"काऊन आला?"

"कामानं आलो, गोदे. उजेड धराले."

गोदाबाईंचा दीर पुढे आला आणि मोठ्यानं म्हणाला, "काम कायचं? वाटा मांगाले आला अशीन. लग्नाच्या दिवशी बराबर गाठलं." मागे कुजबुज सुरू झाली. भावाबहिणीत काय झालं होतं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर जे कानावर आलं त्यात एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. कोणी धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, कारण सांगायचं, कोणी त्यांच्या आईच्या शेवटच्या आजाराचं. मी विचारलं नाही.

पुंडलिक चादरीची घडी घालू लागला. "जातो मी," म्हणाला. "तुह्या पोरीच्या तोंडावर उजेड पडला, झालं."

गोदाबाईंच्या डोळ्यांतही तेव्हा शंकाच होती. मी ती ओळखली, कारण ती माझ्याच ओळखीची होती. माणूस समोर उभा आहे, हात रिकामे आहेत, तरी मन विचारतं: नक्की कशाला?

मामाची जागा धरून गोदाबाईंचा एक चुलतभाऊ नवा फेटा बांधून तयार होता. तो घाबरून म्हणाला, "मंग मी काय म्हनून फेटा बांधला?"

कोणी हसलं नाही. तेव्हा नवरी बोलली. इतका वेळ ती मुंडावळ्या सावरत होती. "माय, मुहूर्त टळून राह्यला. दोन मामा असले तं काय बिघडते?"

गोदाबाईंनी मुलीकडे पाहिलं. मग भावाच्या हातातली चादर ओढून घेतली आणि ह्यांच्या अंगावर टाकली. "घ्या वो, तुमी धरा. याले हात मोकळे लागतीन."

नवरीच्या एका हाताला नवा फेटा आणि दुसऱ्या हाताला काळा कोट. ते तिघं बोहल्याकडे निघाले. मी फोटो घेतला. घरी येऊन कागद ताटलीत टाकला तेव्हा आधी कोट वर आला, नेहमीसारखा. मग नवरी आली, स्वच्छ, पापणीसकट. फेटेवाला आला, थोडा रुसलेला. पुंडलिकचा चेहरा मात्र आलाच नाही, नुसता पांढुरका डाग. तो थरथरत होता. हे म्हणाले, "हा बिघडला." मी तो टाकू दिला नाही. सगळ्यांबरोबर तोही पाठवला.

तो आमच्याबरोबर परत आला नाही. त्या सराईत आम्ही चादर बांबूला बांधून काम भागवलं आणि वाऱ्यानं ती दर वेळी उडाली.

मुक्ता माझ्याशेजारी येऊन बसली. दमली होती. मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. "म्हणजे तू त्याच्यावर उगाच संशय घेतलास," ती म्हणाली.

"उगाच नाही," मी म्हटलं. "तो लपवत होताच. फक्त मला वाटलं ते नव्हतं."

"मग पुढे भेटला का?"

भेटला. पुढच्या वर्षी, संग्रामपूरच्या बाजाराच्या दिवशी. आम्ही दुसऱ्या लग्नाला निघालो होतो. भाजीच्या ओळीत वांग्यांचा ढीग लावून तो बसला होता, गोदाबाईंच्या मळ्यातली वांगी. कोट नव्हता. साधी बंडी. मी आधी ओळखलंच नाही.

"या सराईला येता का?" ह्यांनी विचारलं. "चादर उडून राह्यली."

त्यानं मान हलवली. "आता जमत नाही, साहेब. आता मले पत्रिका येते ना." हे सांगताना त्यानं वांगी उगाच इकडची तिकडे केली. "घरचं लग्न असलं की राबा लागते. फिराले सवड कुठी?"

मी म्हटलं, "त्या फोटोत तुमचा चेहरा नीट आला नाही. बसा तसेच. आत्ता काढते, चांगला एकट्याचा."

"एकट्याचा कायले?" तो म्हणाला आणि उठून ओरडला. कुठून कुठून गोदाबाईंच्या घरची पोरं आली, कोणी ऊस खात, कोणी बकरीचं पिल्लू ओढत. एक त्याच्या मांडीवर चढलं, एकानं गळ्याला मिठी मारली, एकानं टोपी ओढून स्वतःच्या डोक्यावर घातली. मी काचेत पाहिलं. सगळंच हलत होतं.

"पुंडलिकभाऊ, त्यांना जरा सरळ उभं करा," मी म्हटलं.

"नाही राह्यत थे," तो पोरांच्या ढिगातून म्हणाला. "काढा तुमी, बाई. असेच काढा."

मी काढला.